डोंगर पेटलाय, ताट झाका!

फाल्गुनात सह्याद्रीत दोन गोष्टी पेटतात : होळी आणि डोंगर. होळीला निदान मुहूर्त असतो. शनिवारी सकाळी साखरपुडा, संध्याकाळी लेकीचा वाढदिवस, रात्री मित्रमंडळी जेवायला. तेवढ्यात फोन आला, ‘वणवा!’ घरचा गॅस बंद करायला तीनदा सांगावं लागतं ते आमचे हे, पहाटेपर्यंत ओल्या डहाळ्यांनी आग झोडपत होते. हिवाळ्यातच गवत काढून मोकळे पट्टे, म्हणजे जाळरेषा, काढल्या तर आग तिथंच अडते. पण हिवाळ्यात मंडळींना हुरडा असतो. शिवाय ‘जाळलं की गवत जोमानं येतं’ म्हणणारे आहेतच. रविवारी काळवंडलेले सगळे वीर चहाला जमले, निष्काळजी पर्यटकांना शिव्या घातल्या आणि सिगारेटची थोटकं माझ्या तुळशीत खोचून गेले.