खाऱ्या पाण्यातली हमी

फ्लोरिडात नवी मोटरबोट घेणाऱ्याची खरी परीक्षा शोरूममध्ये होत नाही. ती होते मागच्या खोलीत, कर्जाच्या कागदांवर सह्या करताना. घासाघीस करून मिळवलेली सवलत अजून खिशात उबदार असते, बाहेर मुलं बोटीच्या नावावरून भांडत असतात, आणि टेबलापलीकडचा गृहस्थ मधाळ आवाजात विचारतो, "एक्स्टेंडेड वॉरंटी घेताय ना? हप्त्यात फारसा फरक नाही." त्या रकमेवरही व्याज चढतं, हे तो आपणहून सांगत नाही. विचारलं तर सांगतो. सौजन्यात कुठे कमी नाही.

यामाहाच्या आउटबोर्ड इंजिनावर कंपनीचीच तीन वर्षांची वॉरंटी असते, होंडाच्या इंजिनावर तर पाच. तेवढा काळ विकतचं संरक्षण बहुतांशी झोपा काढतं. जागं झालं की बारीक अक्षरं बोलू लागतात. वॉटर पंपातला रबरी इम्पेलर गेला? झिजणारा भाग, सहसा वगळलेला. खाऱ्या पाण्याने गंज धरला? अनेक करारांत तोही बाहेर. मिशिगनच्या थंडीआधी इंजिनातलं पाणी काढायचं राहिलं आणि गोठून ब्लॉक तडकला? मालकाचा निष्काळजीपणा. थोडक्यात, बोट अंगणात झाकून ठेवली असती तर काळजीच नव्हती.

शिवाय 1975च्या मॅग्नसन-मॉस कायद्याच्या हिशेबात, वेगळे पैसे मोजून घेतलेली ही चीज वॉरंटी नव्हे, सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट. तो पुष्कळदा तिसरीच कंपनी चालवते. ती बुडाली तर काय, हे मात्र त्या मागच्या खोलीत सहसा कुणी विचारत नाही. तोवर मुलांनी नाव ठरवलेलं असतं.