अर्ध्या केसाची माया

वडिलांची जीप पुढच्या बाजूनं तेल गाळायला लागली, तेव्हा मी तिच्याखाली गोडेतेलाच्या डब्याचा कापलेला पत्रा सरकवला आणि प्रश्न मिटवला. दीड वर्ष तो मिटलेलाच होता. मग शेजारच्या मांजरीनं त्या पत्र्यात पाय बुडवून आधी आमच्या ओसरीवर, मग माजघरात आणि शेवटी नुकत्याच धुतलेल्या चादरीवर आपली पावलं उमटवली. त्या संध्याकाळी घरातून हुकूम सुटला. दुसऱ्या दिवशी मी जीप घेऊन कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात हजर.

मिस्त्रींनी वाकून एक थेंब बोटावर घेतला आणि अंगठ्यानं चोळला.

“फ्रंट सील गेलंय सर. सील काय, किरकोळ. पण क्रँकची पुली काढाय लागंल. निघाली तर संध्याकाळी गाडी न्या.”

“आणि नाही निघाली तर?”

“तर चहा सांगा.”

ही जीप सीजे-3बी जातीची. विलीज-ओव्हरलँड कंपनीनं 1953 मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो गावी हे मॉडेल काढलं. तिच्या हरिकेन इंजिनात आत हवा घेणारे व्हॉल्व्ह वर डोक्यात नेऊन बसवले, त्यामुळे इंजिन उंच झालं आणि त्याला झाकायला बॉनेटही उंच करावं लागलं. म्हणून ही जीप समोरून नेहमी भुवया उंचावल्यासारखी दिसते. पुढे ती आपल्याकडेही बनू लागली. आमच्या घरी ती 1971 पासून आहे, म्हणजे माझ्या बायकोच्या कितीतरी आधीपासून, आणि हा मुद्दा मी घरात कधीही काढत नाही.

इंजिनाचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, पुढच्या बाजूला नाकाएवढा बाहेर येतो. त्या नाकावर पुलीचा हब घट्ट बसवलेला असतो. हब नुसता गिरकी घेऊ नये म्हणून दोघांच्या मध्ये सुपारीच्या खांडाएवढी अर्धगोल चावी असते, आणि वरून मोठा नट. गाडी सुरू करायचं हँडल अडकवायचे दात त्या नटालाच असतात. वडील सकाळी तिथंच हँडल मारायचे. अंगठा मुठीत घ्यायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा, कारण इंजिननं उलटा झटका दिला तर अंगठा किंवा मनगट मोडतं. मला त्यांनी गाडी शिकवली ती या अंगठ्यापासून.

रेडिएटर उतरवून झाला. गिअर टाकून, हँडब्रेक ओढून, चाकांना विटा लावून मिस्त्रींनी पान्याच्या दांड्यावर हातभर पाईप चढवला आणि त्यावर अंग झोकून दिलं. नट कुरकुरला आणि सुटला. मला वाटलं, झालं. पण हब ढिम्म हलेना. त्यांच्या हाताखालच्या बारक्यानं उत्साहानं घण उचलला, तेवढ्यात मिस्त्री ओरडले, “ठेव खाली! पुली काय तुझ्या सासऱ्याची हाय?” कडेवर घाव घातला की कड वाकते किंवा तडकते, दांड्यावर घातला तर आटे चेपतात आणि हब मात्र जागच्या जागी. चिडलेल्या माणसाचा घाव नेहमी भलत्याच ठिकाणी बसतो, हे उद्यमनगरात बारा वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. मला साठीत कळलं.

मग पुलर आला. त्याच्या नख्या हबाच्या मागे अडकवल्या, मधला स्क्रू दांड्याच्या टोकावर टेकवला, आणि पाव पाव फेरा आवळत नेलं. सांध्यात डिझेल सोडलं. स्क्रूच्या डोक्यावर एक मोजका टोला मारला. हललं नाही. आणखी पाव फेरा. नाहीच. “आता राहू द्या रातभर तानात,” म्हणून मिस्त्री हात धुवायला गेले. मी ठरल्याप्रमाणे चहा सांगितला.

रात्री मी फार वैतागलो होतो. एवढं अडून बसायचं? पण अंथरुणावर पडल्या पडल्या लक्षात आलं की त्या हबाचं चुकलं काय? 1971 मध्ये कुणीतरी त्याला सांगितलं, घट्ट बस, काहीही झालं तरी हलू नकोस. त्यानं ऐकलं. उन्हातान्हात, उसाच्या फडात, पंचगंगेच्या पुराच्या पाण्यातही त्यानं जागा सोडली नाही. आणि आज आम्ही त्यालाच म्हणतोय, लेका हटवादी आहेस. माझ्या निवृत्तीच्या वेळी हेच झालं होतं. छत्तीस वर्षं “सर, तुमच्याशिवाय चालत नाही” म्हणणारे लोक एका सोमवारी माझ्या खुर्चीकडे असे बघू लागले, जणू मीच तिला चिकटलो होतो. बायको म्हणाली होती, “तुम्हाला ओढून काढायला माणसं आणावी लागणार.” तेव्हा पुलरची आम्हा दोघांनाही माहिती नव्हती.

सकाळी मिस्त्रींनी ओली पोती जवळ ठेवली, सांडलेलं तेल आणि डिझेल कोरडं पुसून काढलं आणि हबाला ब्लोलँपचा ताव दिला. मी माझं विज्ञान पुढे केलं, “अहो, तापून फुगला तर आणखी आवळणार नाही का?”

“बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना बघितलीय का सर?”

बघितली होती. लोहार लोखंडी धाव लाल करायचा, मग ती लाकडी चाकावर अलगद बसायची, आणि पाणी ओतलं की चाकाला करकचून धरायची. म्हणजे कडं तापलं की भोकही मोठं होतं. नंतर मी हिशोब केला. तीस मिलिमीटरच्या भोकाला शंभर अंशांचा ताव दिला तर ते साधारण 35 मायक्रॉननं वाढतं. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा. म्हणजे सगळा खेळ अर्ध्या केसाचा. शिंपी कापडात शिवणीसाठी जे सोडतो त्याला आपण माया म्हणतो, तेवढीच ही लोखंडाची माया. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते सुंभाचं झालं. लोखंड बरंच समजूतदार असतं.

पुन्हा पाव फेरा, पुन्हा एक टोला. “टण्ण!” असा आवाज आला की मांजर असती तर पळाली असती. हब दोन सूत पुढे आला होता. मग तो हातानं निघाला.

गार झाल्यावर मिस्त्रींनी तो माझ्या हातात दिला. सील ज्या जागी घासत होतं तिथं नखाला लागेल अशी गोल चर पडली होती. मऊ सीलनं, धुळीला हाताशी धरून, लोखंड झिजवलं होतं. नुसतं नवं सील घातलं असतं तर तेल त्या चरीतून निघालंच असतं. समोरच्या लेथवाल्यानं तासाभरात हबावर पातळ बुश चढवून दिला.

परत बसवताना मिस्त्रींनी दांडा पॉलिश पेपरनं साफ केला आणि बोटभर ग्रीस लावलं. मी विचारलं, “हे कशाला? सुटणार नाही ना?”

“नट हाय की सुटू नये म्हणून. ग्रीस पुढं जो कोन खोलंल त्याच्यासाठी.”

जीप घरी आणली. रात्री पत्रा उचलून ठेवला. सकाळी पाहिलं तर पुढची फरशी कोरडी ठणठणीत. मागे, गिअरबॉक्सच्या अलीकडे, रुपयाएवढा काळा डाग होता. मिस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, “ते मागचं सील. त्याला इंजिन उतरवाय लागंल.” मी पत्रा दोन हात मागे सरकवला.