डाग घालवा, रंगाला हात लावू नका

लग्नसराई जवळ आली की मेडिकलच्या काउंटरवर एक संभाषण हमखास ऐकू येतं. "दादा, मुरूम गेलेत, पण काळे डाग राहिलेत. काही आहे का?" दादा ड्रॉवरमधून एक ट्यूब काढतो. "ही लावा ताई, आठ दिवसांत चेहरा उजळेल." ताईने डागाबद्दल विचारलं होतं, उत्तर मात्र रंगाबद्दल मिळालं. आणि ती ते उत्तर पिशवीत घालून घरी जाते, कारण लहानपणापासून तिच्या रंगाबद्दल सगळे असंच बोलत आले आहेत.

त्या ट्यूबमध्ये बरेचदा तीन औषधं एकत्र असतात: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोनसारखं स्टिरॉइड. सुरुवातीला चेहरा खरंच उजळतो. स्टिरॉइड रक्तवाहिन्या आकुंचित करतं, सूज दाबतं, म्हणून आरसा खूश होतो. मग तीच ट्यूब धाकट्या बहिणीला, मैत्रिणीला, वहिनीला. काही महिन्यांनी कातडी पातळ होते, गालावर लव वाढते, रक्तवाहिन्यांचं जाळं दिसू लागतं, आणि ट्यूब थांबवली की चेहऱ्याची आग आग होते. असे चेहरे इतके दिसू लागले, की भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला स्वतंत्र नाव दिलं: टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस. 2018 मध्ये केंद्र सरकारने आणखी 14 स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री बंद. तुमच्या गल्लीतल्या दुकानात जाऊन बघा, चिठ्ठी कोण मागतं ते. हा सरळसरळ कायदेभंग आहे आणि तो रोज, उघड्यावर, पोरींच्या चेहऱ्यावर चालू आहे.

हा डाग येतो कसा? मुरूम, इसब, डास चावल्याची पुटकुळी, भाजणं, वॅक्सिंगने सोललेली कातडी, काहीही असो; त्वचेला दाह झाला की रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी जास्तीचं मेलॅनिन तयार करतात. या पेशींची संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसात साधारण सारखीच असते. मेलॅनिनचे कण किती, केवढे आणि कसे पसरलेले, यात फरक असतो. सावळ्या त्वचेत हे काम मुळातच जोमाने चालतं, म्हणून मागे राहणारा डागही ठळक. जास्तीचं मेलॅनिन वरच्या थरात राहिलं तर डाग तपकिरी दिसतो आणि काही महिन्यांत फिकट होतो. खालच्या थरात उतरलं तर तो निळसर-राखाडी होतो आणि वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो. आठ दिवसांत डाग घालवण्याचं वचन देणारा माणूस खोटं बोलतो आहे, मग तो काउंटरच्या मागे असो की मोबाइलच्या पडद्यावर.

डाग म्हणजे मळ नाही. तो घासून जात नाही, घासला तर वाढतो. लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट यांनी कातडीला नवा दाह होतो आणि त्या दाहाचा नवा डाग. लिंबाचा रस लावून उन्हात गेलात तर कातडी भाजल्यासारखी होऊन फोडही येऊ शकतात. हा उपाय आजीने सांगितला असेल, तरी करू नका.

1975 हे साल मला फार बोलकं वाटतं. त्या वर्षी अमेरिकेत अल्बर्ट क्लिगमन यांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड यांचं एकत्र मलम मांडलं. आपल्या काउंटरवरच्या ट्यूबचं मूळ तेच. त्याच वर्षी थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी त्वचेचे प्रकार ठरवणारी मोजपट्टी दिली, ती गोऱ्या कातडीसाठी. तपकिरी आणि काळ्या कातडीच्या पायऱ्या नंतर जोडल्या गेल्या. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत फिंडले या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की हायड्रोक्विनोनची क्रीमं वर्षानुवर्षं लावणाऱ्या काळ्या बायकांच्या गालांवर निळे-काळे, जाड डाग उमटत आहेत. आणि त्याच वर्षी भारतात फेअर अँड लव्हली बाजारात आली. दक्षिण आफ्रिकेने 1990 मध्ये सौंदर्यप्रसाधनांतून हायड्रोक्विनोन हद्दपार केलं. आपल्याकडे 2020 मध्ये फेअरचं ग्लो झालं. धोका कळायला उशीर झाला, असं कुणी म्हणू नये. तो 1975 मध्येच छापून आला होता.

उपचाराची सुरुवात डागापासून होत नाही, दाहापासून होते. विस्तव विझल्याशिवाय राख झाडून उपयोग काय? मुरूम येतच असतील तर आधी मुरूम, इसब असेल तर आधी इसब. आणि इथेच सावळ्या माणसावर अन्याय होतो. दाह म्हणजे लाली, असं पुस्तकांनी शिकवलं. गडद कातडीवर मात्र तोच दाह जांभळट किंवा गडद तपकिरी दिसतो आणि बघणाऱ्याच्या नजरेतून सुटतो. लंडनच्या सेंट जॉर्जेसमधला विद्यार्थी मलोने मुकवेंडे याला हे इतकं खुपलं, की त्याने आपल्या शिक्षकांसोबत 2020 मध्ये काळ्या-तपकिरी त्वचेवरची लक्षणं दाखवणारी 'माइंड द गॅप' ही पुस्तिका काढली.

दुसरी गोष्ट प्रकाश. सावळ्या त्वचेला सनस्क्रीन लागत नाही, हा समज सोडा. उन्हातल्या अतिनील किरणांबरोबर डोळ्यांना दिसणारा प्रकाशही गडद त्वचेत डाग पक्के करतो, आणि साधं सनस्क्रीन तो अडवत नाही. तो अडवतं आयर्न ऑक्साइड घातलेलं, रंगीत सनस्क्रीन. दुकानात मात्र त्याच्या छटा गोऱ्या गालांसाठीच जास्त. ज्या देशात बहुसंख्य माणसं गव्हाळ, सावळी, काळी आहेत, तिथे आपल्या रंगाची ट्यूब शोधत फिरावं लागतं. हे कंपन्यांना लाज वाटण्याजोगं आहे.

औषधं आहेत, आणि चांगली आहेत. अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड मुरूम आणि डाग दोन्हींवर चालतं. रेटिनॉइड उपयोगी, पण एकाआड एक रात्री, बेताने. चुरचुर वाढली की पुन्हा दाह. हायड्रोक्विनोनसुद्धा ठरावीक मुदतीपुरतं आणि डॉक्टरांच्या नजरेखाली चालतं. पील आणि लेझर अनुभवी हातातच. साखरपुड्याच्या तोंडावर पार्लरमध्ये करून घेतलेल्या कडक पीलने गाल भाजतात, आणि सावळ्या गालाला त्याची किंमत महिनोन्‌महिने मोजावी लागते.

उजळपणाच्या क्रीमच्या बिनलेबल डब्यांबद्दल मात्र मऊ बोलणं मला जमणार नाही. अकोल्यातल्या एका कुटुंबात आई आणि तिच्या दोन मुली मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी पडल्या. तिघी वापरत असलेल्या उजळपणाच्या क्रीममध्ये पारा निघाला. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे 22 रुग्ण तपासले. त्यांतल्या 15 जणांत नेल-1 हे प्रथिन सापडलं, आणि त्या 15 पैकी 13 जण गोरेपणाची क्रीमं लावत होते. पारा मेलॅनिन रोखतो, म्हणून तो क्रीममध्ये घातला जातो. तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडं बिघडवतो. चेहरा उजळावा म्हणून मूत्रपिंड पणाला लावायला कुणीच तयार होणार नाही; पण डब्यावर तसं लिहिलेलंच नसतं.

तुम्ही ती स्टिरॉइडची ट्यूब महिनोन्‌महिने लावत असाल तर एका दिवसात फेकून देऊ नका. अचानक थांबवली की चेहरा उसळतो. ट्यूब आणि तिचं खोकं सोबत घ्या आणि जवळच्या सरकारी मेडिकल कॉलेजची स्किन ओपीडी गाठा. तिथे केस पेपर निघतो, आणि ट्यूब हळूहळू कशी सोडायची ते डॉक्टर सांगतात. आणि ट्यूब बहिणीलाही दिली असेल तर तिलाही सोबत न्या.