शेठची वही

मुंबईत नोकरीला लागलं की बारा पानी नियुक्तिपत्र मिळतं आणि ते कुणीच वाचत नाही. आमच्या आटगाव-शहापूरकडे कागदाची अशी नासाडी चालत नाही. वीटभट्टीचा करार ऐन पावसाळ्यात, घरातला दाणा संपला की, शेठ स्वतः कातकरीवाडीवर येऊन करतो. मजुराच्या दारी येणारी एक कंपनी दाखवा!

कलमं तोंडपाठ. एक : बयाणा हातावर पडला की माणूस भट्टीचा. दोन : बयाणा एकाला, कामाला नवराबायको दोघं, पोरं वरकड. तीन : मजुरी हजार विटांमागे, मोजणार शेठ. चार : आठवड्याची खर्ची वहीत, वही शेठकडे. पाच : दिवाळीनंतर जायचं, पुढच्या पावसाच्या तोंडावर हिशेब. फिटलं नाही तर पुढल्या सालची नोकरी पक्की.

शिकलेली पोरं मात्र फसली. ती हायवेवरच्या गोदामात ठेकेदाराकडे लागली. तिथे कागद मिळतो, पण 240 दिवस भरत आले की ‘ब्रेक’ही मिळतो. बापाला सोडत नाहीत, पोराला ठेवत नाहीत.

माणूस कर्जाने बांधून ठेवण्याच्या शास्त्रात आपला ठाणे जिल्हा जुना जाणकार. लग्नापुरतं कर्ज काढून सावकाराकडे जन्मभर राबणाऱ्याला इथे ‘लग्नगडी’ म्हणत. जानेवारी 1945 मध्ये आमच्याच कसारा लाइनवरच्या टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. त्याच वर्षी गोदावरी परुळेकरांच्या साथीने वारली उठले आणि त्यांनी हा करार मोडला. कागदच नव्हता, तेव्हा फाडायचा प्रश्नच आला नाही.

पुढे 1976 मध्ये वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा झाला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजारांपर्यंत दंड. तेव्हापासून विटेचा भाव किती चढला ते घर बांधणाऱ्याला विचारा. दंडाला महागाई लागत नाही.

याच कायद्याचं पंधरावं कलम मात्र शेठलोकांनी वाचलेलं बरं. ‘हे कर्ज वेठीचं आहे’ असं मजुराने म्हटलं, की तसं नाही हे सिद्ध करायचं देणाऱ्याने. म्हणजे ज्याच्याकडे वही, त्यानेच ती उघडायची. एवढं सांगायला वाडीवर सरकारी माणूस क्वचितच चढतो. बयाणा घेऊन शेठ मात्र दरसाल वेळेवर पोचतो.