आक्का परत आल्या!

अहो, या ना जरा जाळीपाशी. ऐकलंत का? सहा नंबरवाल्या आक्का परत आल्या! मुलाने केवढ्या हौसेने वेसूच्या फ्लॅटात नेलं होतं, लिफ्ट काय, एसी काय... आणि बाई पिशव्या घेऊन परत आपल्या डिंडोलीच्या गल्लीत हजर!

माझ्या जाऊबाई लगेच म्हणाल्या, "सुनेने काढलं असणार." छे हो! सून तर रडत होती. आक्काच म्हणाल्या, "दिवसभर टीव्हीशी बोलू का? तठे मनी अहिरानी कोनले समजस?" खरंय. इथं दार उघडलं की निम्मा खानदेश गल्लीत. उधन्याहून गाडीत बसलं की थेट अमळनेर. वेसूत काय, वॉचमन आणि...

तर काय सांगत होते, भाचा वकिलाला विचारून आला. 2007 चा कायदा आहे म्हणे, मुलांकडून महिना दहा हजारांपर्यंत मागता येतात. आक्का अशा उखडल्या! "पोरगा सोन्यासारखा आहे रे, मला फक्त त्याच्या सोफ्यावर बसवत नाही." भाच्याचा चहा तसाच निवला.

माझी नात कॉलेजात शिकते ना, ती सांगत होती, सरकारने 2017-18 मध्ये देशभरातल्या 72,000 जणांची पाहणी केली. 'लासी' की काय ते. साठीपुढचे एकटे राहणारे शंभरात सहाच निघाले, आणि एकटी माणसं जास्त खचलेली असतात म्हणे. असतील बाई. पण आक्का एकट्या कुठे? त्यांच्या ओट्यावर मलाच बसायला जागा मिळत नाही!

हां, कानबाईच्या सणाचं राहिलंच. नैवेद्याच्या रोटाचे गहू काढायचे होते, घरातली डोकी मोजून सव्वा-सव्वा मूठ. जाऊबाईंनी सगळ्यांदेखत टाकला खडा, "यंदा रोट वेगळा का हो, आक्का?" सगळ्यांचे हात थांबले. आक्कांनी मुकाट्याने मुलाच्या नावाची मूठ टाकली, नातवाची टाकली, वर म्हणाल्या, "राहायला वेगळी झाले, भाऊबंदकीतून नाही उठले." जाऊबाईंचं तोंड म्हणजे करपलेली भाकर! आणि सून? तिने पदराआड हसू दाबलं, मी बघितलं ना. आता दर शनिवारी पोराला घेऊन येते, दोघी ओट्यावर शेंगा सोलत तासन् तास... फ्लॅटात दोघींचं इतकं बोलणं झालं नसेल.

अहो, खरी बातमी पुढेच आहे. चार नंबरचे अण्णा आक्कांच्या बाजूची खोली विचारून गेले, भाडं किती म्हणून. घरी अजून पत्ता नाही. त्यांची सून येतेय बघा भाजी घेऊन... काही बोलू नका हं!