२५ डिसेंबरची चंदी

सकाळचे सात. बाहेर मिट्ट काळोख. इंग्लंडात या दिवसांत सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि चारच्या सुमारास बुडतो. आमच्या तबेल्यात चौदा घोडे ठाणावर उभे आहेत आणि गेट वाजल्याबरोबर चौदाही माना दारांवरून बाहेर येतात. चौदा घोड्यांचे मालकही चौदा. नाताळच्या सकाळी हजर किती? तीन.

लेकीच्या घोड्यापायी गेली सहा वर्षं मी हे बघते आहे. डिसेंबरचा दुसरा आठवडा आला की व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर तेच ते निरोप सुरू होतात. कुणी सासूकडे चाललंय, कुणी स्कीइंगला, कुणाकडे वीस माणसं जेवायला आहेत. आणि प्रत्येक निरोपाचं शेपूट एकच: माझ्या घोड्याला जरा गवत टाकाल ना?

‘जरा’ हा शब्द घोड्याच्या बाबतीत तोंडातून काढू नये. जरा म्हणजे काय, ते ऐका. गवताची जाळी भरायची. बादलीवरचा बर्फ फोडून ताजं पाणी आणायचं आणि नळ गोठलेला असेल तर घरून डबे भरून आणायचे. रात्रीची लीद उपसायची, ओला पेंढा काढून कोरडा घालायचा. झूल उतरवून अंगावर कुठे खरचटलंय का ते बघायचं, मग दिवसाची झूल चढवायची. चारही खूर कोरायचे. पाय हाताने चाचपायचे; गरम लागला तर थांबायचं. मग कुरणात सोडायचं आणि अंधार पडायच्या आत हेच सगळं उलट्या क्रमाने करायचं. एका घोड्याला सकाळी पाऊण तास लागतो. शेजारधर्म म्हणून चार घोडे गळ्यात पडले की माणसाची अख्खी सकाळ गेली.

इथे पैसे भरून घोडा दुसऱ्याच्या तबेल्यात ठेवण्याला लिव्हरी म्हणतात. फुल लिव्हरीत सगळं तबेलेवाला बघतो. पार्ट लिव्हरीत काम वाटून घेतलेलं असतं. डीआयवाय लिव्हरीत फक्त ठाण आणि कुरण भाड्याने मिळतं. चंदी, पाणी, लीद हे सगळं मालकाने करायचं. करार कोणताही असो, नाताळ आला की सगळ्या लिव्हऱ्या एकसारख्या होतात: जो कुणी तिथे दिसेल, त्याच्यावर काम.

माझं म्हणणं सरळ आहे. घोडा ज्याचा, नाताळ त्याचा. काम दुसऱ्याकडून करून घ्या, पण ते ठरवून, पैसे मोजून, लिहून द्या. गृहीत धरू नका.

घोडा थांबू शकत नाही, म्हणून हे म्हणते. पाचशे किलोच्या या जनावराचं जठर फार तर पंधरा लिटरचं असतं. त्यात आम्ल चोवीस तास पाझरतं, पोटात गवत असो वा नसो. मोकळा सोडला तर घोडा दिवसाचे पंधरा-सोळा तास चरतो, तशीच त्याची घडण आहे. सकाळची चंदी सात वाजता ठरलेली असेल आणि मालक भेटवस्तू उघडून अकराला उगवला, तर ते चार तास आम्ल जठर जाळत असतं. त्यात घोड्याला ओकता येत नाही. आत जे गेलं ते पुढेच सरकलं पाहिजे. कोरडं गवत खाणाऱ्या घोड्याला दिवसाला पंचवीस लिटरच्या वर पाणी लागतं. थंडीत तो कमी पितो, बादली गोठली तर पीतच नाही. मग आतड्यात चाऱ्याचा गोळा अडकतो. त्यातून उठतो तो कॉलिक, पोटशूळ. घोड्यांच्या मृत्यूच्या मोठ्या कारणांपैकी ते एक आहे.

भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला? आजीने घातलेलं हे कोडं मला इथे येऊन नव्याने कळलं. न फिरवल्यामुळे! रोज सहा तास कुरणात असणारा घोडा, सुट्टीत कुणाला वेळ नाही म्हणून दोन दिवस ठाणाला कोंडला, की त्याचं आतडं मंदावतं. घोडा खरोखरच अडतो.

चार वर्षांपूर्वी मी तो अडलेला पाहिला. आमच्या शेजारच्या ठाणात एक करडी घोडी होती. तिची मालकीण परदेशात गेलेली. जाताना तिने दोघींना सांगितलं होतं आणि दोघींना वाटलं, दुसरी बघते आहे. २६ तारखेच्या सकाळी माझ्या लेकीने तिच्या दारातून डोकावलं. बादलीवर बोटभर जाड बर्फ. गवताची जाळी रिकामी. खुराने खरवडून खरवडून पेंढ्याखालची फरशी उघडी पडली होती. घोडी मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघत होती आणि त्या कडाक्याच्या थंडीत तिची मान घामाने भिजली होती.

जनावरांचे डॉक्टर तासाभरात आले, सणाच्या दिवशी घर सोडून. नाकातून नळी घालून पाणी सोडलं, इंजेक्शन दिलं. मग त्यांनी विचारलं, याने उतरलं नाही तर शस्त्रक्रियेला नेऊ का? हजारो पौंडांचा प्रश्न. आणि त्याही पुढचा: नेणं शक्य नसेल तर तिला कायमचं झोपवायची परवानगी कोण देईल? मालकिणीचा फोन लागत नव्हता. माझी सोळा वर्षांची मुलगी लगाम धरून उभी होती आणि डॉक्टर तिच्याकडे बघत होते. मला त्या क्षणी जितका राग आला तितका या देशात कधी आला नव्हता. दुपारी घोडीने लीद टाकली. लीद पाहून माणसं रडतात, हे ज्यांनी घोडा पाळलाय त्यांना सांगावं लागणार नाही. संध्याकाळी मालकिणीचा फोन आला. पहिला प्रश्न: कोण विसरलं?

तुम्ही विसरलात, बाई.

हे मी रागाने म्हणत नाही, कायदाही तेच म्हणतो. इंग्लंड आणि वेल्सचा २००६ चा प्राणी कल्याण कायदा तात्पुरत्या सांभाळणाऱ्यालाही जबाबदार धरतो, पण मालक मात्र नेहमीच जबाबदार, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. सोळा वर्षांखालच्या मुलाचा घोडा असेल तर त्याला सांभाळणारं मोठं माणूस जबाबदार. वाढदिवसाला पोनी घेऊन देणाऱ्या आईबापांनी हे कलम आधी वाचावं. लेक लहान होती तेव्हा तिच्या घोड्याची जबाबदारी माझी होती. मला ते दोन वर्षांनी कळलं आणि कुणी सांगितलं नाही म्हणून मी ती जबाबदारी झटकू शकत नाही.

दुसरं एक कलम असायला हवं होतं, ते नाही. इंग्लंडात कुत्री-मांजरं सांभाळायला ठेवून घेण्याचा व्यवसाय करायचा तर परवाना लागतो. भाड्याने स्वारीला घोडे द्यायचे तरी परवाना लागतो. पण दुसऱ्याचे वीस घोडे आपल्या आवारात ठेवून घ्यायला? लागत नाही. नाताळच्या रात्री तिथे माणूस असलंच पाहिजे, पाणी तपासलंच पाहिजे, असं तबेल्यावर येऊन बजावणारं कुणी नाही. मांजराला जी हमी मिळते ती घोड्याला मिळू नये, याचं एकही पटणारं कारण मला सापडलेलं नाही.

आता ग्रूमकडे वळू. आपल्याकडे मोतद्दार म्हणत. फुल लिव्हरीचे मालक म्हणतात, आम्ही पैसे भरतो, मग आमचा काय संबंध? संबंध आहे. त्या दिवशी जी मुलगी येते, ती येते कशी, हे कधी विचारलंत? २५ डिसेंबरला ब्रिटनमध्ये रेल्वे धावत नाही, बस जवळपास नसतेच. तिच्याकडे गाडी नसेल तर आदल्या रात्री तबेल्यावरच्या खोलीत झोपायचं किंवा काळोखात चालत यायचं. नाताळची सुट्टी मिळण्याचा कायदेशीर हक्क तिला नाही, जादा पगाराचाही नाही. करारात असेल तेवढंच. २८० चौरस मीटरच्या वरची दुकानं नाताळला उघडायला २००४ च्या कायद्याने बंदी आहे, म्हणजे मोठ्या दुकानातल्या विक्रेत्याचा सण राखला गेला. तबेल्याला कुलूप लावता येत नाही, हे मान्य. पण म्हणूनच तिथे राबणाऱ्याचा हिशेब जास्त चोख हवा.

आणि पाळी कुणाला लागते? जिला मुलंबाळं नाहीत तिला. तिला आई नसते का? तिची वाट बघणारं कुणी नसतं का? मी ऐकलेलं सगळ्यात क्रूर वाक्य आहे हे: तुला काय, एकटीच तर आहेस.

त्याचंच जुळं भावंड माझ्या वाट्याला आलं. तुमचा तर नाताळ नसतो ना! पहिली तीन वर्षं २५ ची सकाळ मी घेतली, आनंदाने घेतली, पुन्हाही घेईन. ती वेळ सुंदर असते. रस्त्यावर एक गाडी नाही, आणि चौदा घोडे एका लयीत गवत चावत असलेला तो आवाज. पण माझा सण नाही म्हणून माझा वेळ फुकट, हे मला मान्य नाही. तिसऱ्या वर्षी मी मोबदला मागितला. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी माझ्या घोड्याला कोण बघेल? गटावर बराच वेळ शांतता होती. मग एका आजोबांनी हात वर केला. त्या दिवाळीत ते आले, आणि आजूबाजूला फटाके वाजत होते म्हणून निघायच्या वेळेनंतरही तासभर घोड्याजवळ उभे राहिले. अदलाबदल अशी असते.

शेजारच्या पोराला दहा पौंड द्या म्हणणाऱ्यांनाही एक सांगते. त्या पोराला यू हे झाड ओळखता येतं का? नाताळच्या हिरव्या तोरणांत यूच्या डहाळ्याही असू शकतात. हौसेने कुणी तसलं तोरण ठाणाच्या दाराला अडकवतं आणि त्यातले चार घास घोड्याचा जीव घ्यायला पुरतात. ज्याला हे दिसतं आणि दिसल्याबरोबर जो ते उतरवतो, त्याच्या हातात घोडा द्यावा. अशा हाताची किंमत दहा पौंड नाही.

शर्यतीच्या तबेल्यांत हे कोडं सुटलेलं आहे. २५ ला शर्यत नसते, पण २६ ला केम्प्टनला किंग जॉर्ज सहावा चेस ही मोठी शर्यत असते. तिथल्या घोड्याला आदल्या दिवशी कोण बघणार, असा प्रश्न कुणी २४ ला विचारत नाही. निम्म्यांना नाताळ, निम्म्यांना नवं वर्ष, अशी वाटणी आधीच झालेली असते. तिथे घोड्याची आबाळ म्हणजे पैशाचं नुकसान, म्हणून तिथे तक्ता असतो. आपला लाडका घोडा शर्यत धावत नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

मराठी माणसाला हे नवीन वाटू नये. आपल्या फौजेत स्वतःचा घोडा आणणारा शिलेदार आणि सरकारी पागेतल्या घोड्यावर बसणारा बारगीर, असा भेद होता. घोडा कुणाचा आणि त्याची चंदी कुणाकडे, हे आधीच ठरलेलं असे. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूणकडच्या छावणीतल्या अंमलदारांना पाठवलेलं पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी दिलेलं दाणागवत आताच उधळलंत तर पुढे घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारलीत असं होईल, अशी ताकीद त्यात आहे. पेटत्या दिव्याची वात उंदीर नेईल आणि गवताची गंजी पेटेल, इथपर्यंत विचार केलेला. राज्य उभारण्याच्या धामधुमीत एक राजा गवताच्या गंजीचा एवढा विचार करतो आणि आम्हाला जेवणाच्या टेबलावरून उठवत नाही!

पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. त्याला धनी स्वतः धुतो, सजवतो, पुरणपोळी भरवतो. सणाच्या दिवशी जनावराची सेवा गड्यावर टाकून गावाला जाणारा शेतकरी माझ्या माहेरच्या गावात मी पाहिला नाही.

म्हणून आमच्या तबेल्यावर मी हे मागून घेतलं आहे. नाताळचा तक्ता १ नोव्हेंबरला लागावा. ज्याला जायचं असेल त्याने आपल्या जागी माणूस नावानिशी लिहावा, एकच नाव, दोन नाहीत. त्याला त्या दिवसाची दुप्पट मजुरी द्यावी. फुल लिव्हरीत २५ ची एक वेळ तबेलेवाल्याने स्वतः करावी. आणि प्रत्येक ठाणाच्या दारावर कागद असावा: डॉक्टरांचा नंबर, मालकाचा लागणारा नंबर, आणि मालक सापडला नाही तर शस्त्रक्रियेचा निर्णय कोणी घ्यायचा. शेवटची ओळ लिहिताना लोकांचे हात थबकतात. थबकू देत. २६ तारखेला लगाम धरलेल्या पोरीवर ती वेळ येऊ नये.

यंदाचा तक्ता लागला आहे. २४ ची रात्र भरली, २५ ची सकाळ माझ्याकडे आणि त्या आजोबांकडे, २६ लेकीकडे. २५ च्या संध्याकाळची चौकट अजून कोरी आहे. पेन तिथेच सुतळीने बांधून ठेवलंय.