मित्रास एका दिवसात मुंबई दाखविण्याविषयीचे कायम हुकूम

अमरावती, अकोला किंवा तत्सम समुद्रहीन प्रांतातील बालमित्राचा 'एका दिवसासाठी येतो आहे, मुंबई दाखव' असा निरोप ज्या गृहस्थाच्या वाट्यास येतो, त्याने प्रथम घाबरून जाऊ नये, आणि घाबरला नसल्यास 'ये की, त्यात काय एवढे!' असे अभय वार-तिथी न पाहता देऊनही बसू नये. कारण मुंबई हे शहर चोवीस तास जागे असले, तरी पाहुण्यास दाखविण्याजोगे ते आठवड्यातून फारच थोडे दिवस असते, ही गोष्ट येथे उभी नोकरी काढलेल्या लोकांच्याही ध्यानात सहसा आलेली नसते.

सोमवार वर्ज्य समजावा, कारण त्या दिवशी घारापुरीची लेणी बंद असतात. बुधवारी राणीचा बाग बंद. रविवारी रेल्वे आपल्या रुळांची डागडुजी मेगाब्लॉक या नावाने काढते, आणि शनिवारी उरलेली सर्व मुंबई आपापल्या मित्रास मुंबई दाखवावयास बाहेर पडते. मंगळवार तसा निर्वेध, परंतु अंगारकी आली तर प्रभादेवीची रांग कोठे संपते हेच एक प्रेक्षणीय स्थळ होऊन बसते. राहता राहिले गुरुवार आणि शुक्रवार. त्या दिवशी यजमानास कचेरी असते. सबब किरकोळ रजेचा अर्ज आठ दिवस आधी दाखल करावा आणि कारणाच्या रकान्यात 'घरगुती काम' एवढेच लिहावे. खरे कारण लिहिल्यास साहेब 'मीही अजून एलिफंटा पाहिलेले नाही हो' असे म्हणून बरोबर येण्याचा संभव असतो.

वार ठरला की तिथी पाहावी. हाजीअलीच्या दर्ग्याकडे जाणारी वाट भरतीच्या वेळी पाण्याखाली जाते, आणि समुद्र कोणाच्याही शिफारसपत्राची दखल घेत नसल्याने भरतीची वेळ आगाऊ माहीत असणे इष्ट. त्यासाठी पंचांगापलीकडे कशाचीही आवश्यकता नाही. तिथीचा आकडा घेऊन त्याची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीचा तास सुमाराने निघतो, असा किनाऱ्यावरील दर्यावर्दी लोकांचा जुना हिशेब आहे. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता, एकादशीस सव्वाआठाला. दिवसातून दोनदा भरती येत असल्यामुळे हाच हिशेब दोन्ही वेळांस लागू. पौर्णिमा-अमावास्येस उधाण असते, अष्टमीच्या सुमारास भांग. हे गणित मित्रासमोर मोठ्याने करावे. ज्याने विहिरीचे पाणी चढलेले फक्त श्रावणात पाहिले आहे, त्याच्यावर पंचांग पाहून समुद्राची वेळ सांगणाऱ्या मनुष्याची जी छाप पडते, ती दिवसभर पुरते. आणि पुढील प्रसंगांत ती पुरवून पुरवून वापरावी लागणार आहे.

अमरावतीची गाडी सकाळी लवकर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर येते. मित्र फलाटावर उतरताच 'आधी चहा' म्हणेल. त्याकडे तूर्त दुर्लक्ष करून त्यास सामानासह बाहेर काढावे, रस्ता ओलांडवावा, महापालिकेच्या इमारतीकडे पाठ करून उभे करावे, आणि ज्या इमारतीतून तो नुकताच बाहेर पडला तीच त्यास पाहावयास सांगावी. माझ्या मते सबंध दिवसात याहून मोठे दर्शन पुढे घडावयाचे नाही, आणि त्यास तिकीट नाही. १८७८ साली फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या स्थपतीने हे काम हाती घेतले आणि पुरे व्हावयास दहा वर्षे लागली. समोरची महापालिकाही त्याचीच, १८९३ सालची. टर्मिनसच्या फाटकाच्या दोन खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ बसविला आहे. सिंह विलायतेचा, वाघ आपला. आणि इतकी वर्षे एकाच फाटकावर राहूनही दोघांत बोलाचाली झाल्याचे ऐकिवात नाही. घुमटाच्या माथ्यावर मशाल घेतलेली प्रगतीची स्त्रीमूर्ती आहे. येथे मित्र 'तू हे रोज पाहतोस?' असे विचारील. 'रोज' असे उत्तर द्यावे. मुंबईकर या स्थानकात मान वर करतो ती इंडिकेटर पाहण्यापुरती, ही आतली बाब असून ती परप्रांतीयास सांगण्याचे प्रयोजन नाही.

चहा इराण्याकडे पाजावा. संगमरवरी टेबलावर ब्रून मस्का आला म्हणजे मित्र त्या पावाचा कठीणपणा बोटाने ठोकून पाहील आणि 'यासोबत तर्री नाही काय?' असे विचारील. वेटरकडे न पाहता 'चहात बुडव' म्हणावे.

यानंतर गेटवे ऑफ इंडिया. ही वास्तू पाहुण्यांच्या समजुतीने राजाच्या स्वागतासाठी बांधलेली आहे, आणि ती समजूत अर्धीच बरोबर आहे. पंचम जॉर्ज बादशहा राणीसह १९११ साली येथे उतरले त्या वेळी या कमानीचा एक चिराही जागेवर नव्हता. पायाचा दगड १९१३ साली बसला आणि कमान पुरी होऊन खुली झाली ती १९२४ साली. म्हणजे स्वागताची कमान पाहुणा येऊन गेल्यावर तेरा वर्षांनी उभी राहिली, आणि सरकारी कामाच्या दिरंगाईबद्दल जे लोक स्वराज्यास दोष देतात त्यांना हा दाखला अवश्य दाखवावा. कमानीचा खरा उपयोग झाला तो २८ फेब्रुवारी १९४८ रोजी, ब्रिटिश फौजेची शेवटची पलटण तिच्याखालून बोटीकडे निघून गेली तेव्हा. हे सर्व सांगून होईपर्यंत मित्राच्या भोवती तत्काळ फोटो छापून देणारे जमलेले असतील, आणि मागे ताजमहाल हॉटेल येईल अशा बेताने त्यास उभे केले जाईल. हरकत घेऊ नये. अमरावतीस वहिनींना दाखवावयाचा दस्तऐवज तोच.

धक्क्यावरून घारापुरीच्या लाँच सुटतात. जाण्यास सुमारे एक तास, येण्यास तितकाच, आणि मध्ये शंभरावर पायऱ्या. म्हणजे दिवसाचा निम्मा ऐवज येथे खर्ची पडतो. भाडे ऐकून मित्राने तोंड वाकडे केल्यास त्यास सांगावे की, १६६१ च्या विवाहकरारात मुंबईचे सबंध बेट पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर इंग्लंडच्या राजास आंदण मिळाले, आणि १६६८ साली त्याने ते कंपनी सरकारास सालीना दहा पौंड खंडाने देऊन टाकले. त्यानंतर येथील भाव जे चढले ते उतरलेलेच नाहीत. लेण्यातील त्रिमूर्तीसमोर मात्र यजमानाने संपूर्ण मौन पाळावे. अठरा फूट उंचीचा तो शिव डोळे मिटून सुमारे चौदाशे वर्षे स्वस्थ आहे, आणि त्याच्यासमोर उभा राहून जो वाटाड्या बोलतच राहतो त्याची मला कीव येते.

परतीच्या वाटेवर मित्र एक अडचणीचा प्रश्न विचारणार आहे. त्याची तयारी घरूनच करून जावी. प्रश्न असा : 'एलिफंटा म्हणतात, मग हत्ती कुठी हाय?' हत्ती होता. धक्क्यानजीकच्या त्या पाषाणाच्या हत्तीवरूनच पोर्तुगीजांनी बेटास हे नाव दिले. १८६४ साली तो विलायतेस नेण्याच्या इराद्याने उचलावयास गेले असता यारी तुटली, हत्ती पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे भायखळ्यास राणीच्या बागेत आणले गेले आणि पुढे जोडून हत्ती पुन्हा उभा करण्यात आला. तो आजही तेथेच आहे.

हे ऐकून मित्राचे समाधान होते न होते तोच लाँच धक्क्यास लागते, आणि पायी काळ्या घोड्याच्या चौकात आल्यावर तोच प्रश्न जनावर बदलून पुढे येतो. मूळचा काळा घोडा सातव्या एडवर्डला पाठीवर घेऊन या चौकात उभा होता. १९६५ साली राजासह त्याची बदली झाली. कोठे? भायखळ्यास, राणीच्या बागेत! पुढे २०१७ साली चौकात नवा काळा घोडा बसविण्यात आला, तो स्वाराविना. म्हणजे स्वार कायमचा बडतर्फ झाला आणि घोडा मात्र सेवेत पुन्हा रुजू करून घेण्यात आला. सरकारी नोकरीत अशी उदाहरणे विरळा. येथे चाणाक्ष मित्र सहजच म्हणेल की, हत्तीही तेथे आणि घोडाही तेथे, तर आपण सकाळीच तिकडे का गेलो नाही? या प्रश्नास उत्तर नाही. 'चल' म्हणावे.

वाटेत हुतात्मा चौक लागेल. १८६४ सालचे फ्लोरा फाउंटन डाव्या-उजव्या हाताने दाखवून पुढे जाण्याची घाई येथे करू नये; शेजारी मशाल धरलेले ते दोघे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गोळ्या खाल्लेल्या माणसांच्या स्मरणार्थ उभे आहेत, आणि तुमच्या मित्राचा जिल्हा व तुमचे शहर आज एका राज्यात आहेत त्यात या चौकाचा वाटा आहे. मित्र वऱ्हाडी असल्याने येथे वेगळ्या विदर्भाचा विषय निघू शकतो. निघाल्यास मतभेद मुलतवी ठेवून उसाचा रस मागवावा.

भायखळ्यास लोकलने न्यावे, कारण लोकल न पाहता परतलेल्या मनुष्याने मुंबई पाहिली असे त्याच्या गावी कोणी मानीत नाही. टर्मिनसपासून मशीद, सँडहर्स्ट रोड आणि मग भायखळा, एवढाच प्रवास. तथापि सुटण्यापूर्वी त्यास दोन सूचना तोंडपाठ करवाव्या. पहिली, फलाट कोणत्या बाजूस येणार हे चढतानाच विचारून घ्यावे. दुसरी, मागील मनुष्याने खांद्यास स्पर्श करून 'भायखळा?' असे विचारल्यास ती चौकशी त्याच्या मूळ गावाविषयी नसून 'तुम्ही तेथे उतरणार की मला वाट देणार' एवढ्यापुरती मर्यादित असते. ही दुसरी सूचना द्यावयाची राहिली, तर मित्र अत्यंत अदबीने मागे वळून 'नाही जी, अमरावती' असे सांगतो, आपणही कोठले म्हणून विचारतो, आणि परिणामी तिघेही भायखळा सोडून पुढे जातात.

राणीच्या बागेत हत्ती पाहावा, घोड्यावरचा राजा पाहावा आणि बाहेर पडावे, असा माझा सल्ला आहे. पण तो कोणी मानणार नाही, कारण तेथे पेंग्विन आहेत. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरील तो पक्षी काचेपलीकडे थंड हवेत मजेत डुलत असतो आणि अलीकडे घामाने निथळणारे नागरिक त्याच्याकडे पाहत असतात. त्या काचेच्या कोणत्या बाजूस सुज्ञ जीव आहे, याविषयी मित्र जे मत देईल ते नोंदवून ठेवण्यासारखे असते. मलबार टेकडीवरील म्हातारीचा बूट टॅक्सीतूनच दाखवावा. दहा वर्षांखालील मूल बरोबर नसेल तर उतरू नये. वहिनींच्या यादीत एखाद्या नटाचा बंगला असल्यास फाटकाचा फोटो कोणाकडून तरी मागवून घ्यावा. तेथे जाऊनही फाटकच दिसते.

सूर्यास्त गिरगाव चौपाटीवर साधावा. लोकमान्यांवर ऑगस्ट १९२० मध्ये अंत्यसंस्कार झाले ते याच वाळूत, आणि तेथील पुतळ्याशी क्षणभर थांबल्याखेरीज भेळेच्या गाड्याकडे वळू नये. भेळवाला कुरमुरे, शेव, कांदा, बटाटा, कैरी एका पातेल्यात टाकून चमच्याने खडखडवतो, चिंचेचे पाणी आणि हिरवी चटणी घालतो, वरून पुरी चुरतो आणि एक पुरी चमच्याऐवजी खोचून देतो. 'तिखट करू?' असे तो विचारील. मित्र 'करा' म्हणेल, चाखेल, आणि द्रोण परत पुढे करून 'तिखट राह्यलं' म्हणेल. भेळवाला हसून आणखी एक चमचा घालील. द्रोण पुन्हा परत येईल. तिसऱ्या खेपेस भेळवाला हसणे थांबवितो, चटणीचे भांडेच मित्रापुढे सरकवितो आणि शेजारच्या गाड्यावरील बंधूस हाक मारतो; मग दोघे मिळून हा अमरावतीचा गृहस्थ काय करतो ते पाहत राहतात. यजमानाने या प्रसंगी समुद्राकडे पाहावे. दिवसभर आपण त्यास मुंबई दाखविली, तर पाच मिनिटे त्याने मुंबईस अमरावती दाखविली, यात आपला अपमान मानण्याचे कारण नाही.

यानंतर त्यास गाडीवर बसवून देण्याचे काम राहते, आणि यजमानाची सबंध दिवसाची अब्रू घालविण्याचे सामर्थ्य याच कामात आहे. मित्राचे तिकीट आपल्या हाती घेऊन गाडी कोणत्या स्थानकातून सुटते ते स्वतः वाचावे. 'आलो तिथूनच' या त्याच्या शब्दावर विसंबू नये. अमरावतीची नेहमीची गाडी संध्याकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून सुटते खरी, पण विदर्भाकडच्या काही गाड्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून निघतात. लोकमान्यांचा पुतळा चौपाटीवर असला तरी त्यांचे टर्मिनस कुर्ल्यास आहे. संध्याकाळच्या रहदारीत चौपाटीहून तेथे टॅक्सीने पोहोचावयाचे तर किमान दोन तास हाताशी ठेवावे.